भाऊजी, शेवटच्या पानावरचा फुगा रिकामा आहे

विनू भाऊजी,

तुमचं तेरावं होऊन आठ दिवस झाले. भाड्याच्या सतरंज्या परत गेल्या, इंदूरची मंडळी परत गेली, आणि घरात आता आम्ही दोघंच एकमेकांना चहा विचारत बसलो आहोत. पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या. 'ग्वाल्हेरचे पहिले मराठी मांगाकार' असं छापलं होतं, आणि कंसात 'जपानी धर्तीच्या चित्रकथा काढणारे'. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, वहिनी, पहिले म्हणजे काय, दुसरा आहे कुठं? फोटो दिला होता तो शाळेतला, मिशीवाला, जो तुम्हाला मुळीच आवडायचा नाही. असो.

मी लिहायला बसले ती कामासाठी. पुण्याच्या प्रकाशनातली ऋतुजा, तुमची संपादक, परवा फोनवर चाचरत म्हणाली, काकू, तिसऱ्या भागाची सगळी पानं पोचली, शेवटचं तेवढं राहिलंय. ते माझ्याकडे आहे. चित्र तुम्ही पुरं केलंत. गोष्टीतले दोघे भाऊ समोरासमोर उभे, आणि वर संवादाचा फुगा, चांगला ऐसपैस. तो रिकामा आहे. आत काय लिहायचं हे सांगायच्या आधीच तुम्ही गेलात. तुमच्या सगळ्या फुग्यांतली अक्षरं इतकी वर्षं मी लिहिली, तेव्हा हीही मलाच लिहायची आहेत. सोमवारपर्यंत.

पण त्याआधी एक सांगायचं आहे. अकरा वर्षं सांगितलं नाही ते. तुमची ती पानं रद्दीत तुमच्या दादांनी दिली नव्हती. मी दिली.

लिहून टाकलं एकदाचं. आता घोटभर पाणी पिऊन येते.

हं. आता नीट पहिल्यापासून सांगते, कारण हे उद्या दुसऱ्या कोणी वाचलं तर त्यालाही कळायला हवं की हा भाऊजी कोण आणि ही बाई कशाला रडून राहिली आहे.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या या घरात सून म्हणून आले तेव्हा तुम्ही दहावीत होतात. हातात पेन्सिल नाही असं कधी पाहिलं नाही. पंचांगाच्या मागे, लग्नपत्रिकेच्या पाकिटावर, एकदा तर माझ्या नव्या स्वयंपाकाच्या ओट्यावर कोळशानं तुम्ही सासूबाईंची हुबेहूब पाठ काढली होती, आणि त्यांनी ती स्वतःच पुसली, ओळखली म्हणून. पुढे तुम्ही शाळेत चित्रकलेचे मास्तर झालात. लग्न केलं नाहीत. मी चार स्थळं आणली, चारही मुलींची तुम्ही छान चित्रं काढलीत आणि म्हणालात, वहिनी, झालं, बघितलं. मी किती चिडले होते.

रविवारी तुम्ही किला गेटकडून किल्ल्यावर चढायचात आणि अर्ध्या वाटेवर भिंतीला टेकून खालचं शहर काढत बसायचात. एका रविवारी एक जपानी पाहुणे तिथे दम खायला बसले. तुमची वही पाहिली, मान हलवली, आणि पिशवीतून चित्रकथांचं एक जाडजूड मासिक काढून तुमच्या हातात दिलं. आपल्या जुन्या टेलिफोन डिरेक्टरीएवढं, तसल्याच भुरकट कागदाचं. भाषा तुम्हाला येत नव्हती, त्यांना आपली येत नव्हती. नमस्कार झाला आणि ते गेले.

ते मासिक तुम्ही आपल्या सवयीनं उघडलंत, म्हणजे त्यांच्या शेवटाकडून. रात्री जेवताना गोष्ट सांगितलीत: आधी माणसाला अग्नी दिला, मग तो आजारी पडला, मग त्याचं लग्न झालं, आणि शेवटी तो दप्तर घेऊन शाळेत गेला. तुमचे दादा इतके हसले की ठसका लागला, आणि तुम्हीच उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवलात. तो दिवस मला फार आठवून राहिला आहे. तुम्ही दोघं एकत्र हसताना मग किती वेळा पाहिलं, तर बोटांवर मोजण्याइतकं.

नंतर तुम्ही ते सरळ बाजूनं वाचलंत. पुन्हा वाचलंत. आठ दिवसांनी माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणालात, वहिनी, एक अक्षर कळलं नाही, पण त्या बाईला नवऱ्याचा राग का आला ते कळलं. तुमचं सगळं पुढचं आयुष्य त्या एका वाक्यातून निघालं. मला तेव्हा काही समजलं नाही. मी म्हटलं, बायकांना नवऱ्याचा राग येतो हे कळायला जपानी पुस्तक कशाला हवं?

मग सुरू झाला तुमचा उद्योग. शाळा सुटली की तुम्ही आणि कागद. आधी कच्ची पानं. त्यात माणसं म्हणजे एक गोल, त्यावर फुलीसारख्या दोन रेघा, खाली काड्या. कोण कुठे उभा, कोण कधी वळला, कुठल्या चौकटीत नुसतं छत दिसलं पाहिजे, हे सगळं आधी त्या काड्यांत ठरायचं. जपानात या कच्च्या पानांना 'नेम' म्हणतात असं तुम्ही कुठूनसं शोधून आणलंत आणि घरभर नेम नेम करत फिरलात. खरी गोष्ट इथंच होते, म्हणायचात, शाई म्हणजे नंतरची हमाली. आणि ही पानं काढायचात कशावर, तर शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. कोरा कागद कच्च्या कामाला लावणं तुमच्या जिवावर यायचं.

तेच नडलं.

दिवाळीच्या आधीचे दिवस. तुम्ही तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला भोपाळला गेला होतात. त्याच्या आदल्या आठवड्यात तुमचं आणि दादांचं वाजलं होतं. तुम्ही म्हणालात नोकरी सोडतो, पूर्ण वेळ हेच करतो. दादा म्हणाले, चाळिशी उलटलेला माणूस पक्की नोकरी सोडून कार्टून काढणार? 'कार्टून' हा शब्द तुम्हाला लागला. तुम्ही ताट सोडून उठलात, आणि बॅंकेत माणसांना नियम समजावून सांगत आयुष्य गेलेल्या त्या माणसाला हे कळलंच नाही की आपण नेमकं काय बोललो.

मी साफसफाई काढली होती. माळ्यावर सुतळीनं बांधलेले दोन गठ्ठे. वरचा कागद पाहिला: आठवी ब, घनाकृती, तुमच्या लाल पेन्सिलीनं दहापैकी सहा. उलटूनही पाहिलं, भाऊजी, हे कबूल करते. मागे गोल, फुल्या, काड्या. मला वाटलं पोरांनी पेपर लिहिता लिहिता केलेला चाळा. त्या फुल्या तुम्ही मला दहा वेळा दाखवल्या होत्या, समजावल्या होत्या, आणि मी दहाही वेळा हो हो म्हणत कुकरच्या शिट्ट्या मोजल्या होत्या. खाली हातगाडीवाला ओरडत होता. दोन्ही गठ्ठे दिले आणि माळा रिकामा झाला म्हणून खूश झाले.

दीड वर्षाचं काम होतं ते. पहिली पूर्ण गोष्ट.

तुम्ही परत आलात, पाय धुतलेत, माळ्याखाली उभं राहून वर पाहिलंत आणि विचारलंत, इथले गठ्ठे कुठं गेले? मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हाताला चिवड्याचं तिखट. तुमचा चेहरा पाहिला आणि मला क्षणात कळलं काय झालंय ते. तोंड उघडलं. आणि दादा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मी दिले रद्दीत. कचराच होता तो."

तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही बाहेर पडलात आणि दोन दिवस लष्करातली रद्दीची दुकानं पालथी घातलीत. एक पान मिळालं नाही. महिनाअखेरीला नोकरी सोडून किला गेटला एका जिन्यावरची खोली घेतलीत, आणि दादांशी बोलणं बंद. म्हणजे अगदी बंद. सासूबाईंच्या श्राद्धाला दोघं शेजारी बसायचात आणि पळी माझ्याकरवी मागायचात.

मी उद्या सांगेन म्हटलं. मग दिवाळी आली, म्हटलं सणात नको. मग दिवाळी सरली, तुम्ही फराळाला आला नाहीत, म्हटलं राग निवळू दे. मग इतका उशीर झाला की उशीर हेच न सांगण्याचं कारण झालं. मी भित्री आहे, भाऊजी. शाळेत पोरींना तीस वर्षं खरं बोलण्यावर निबंध लिहायला लावले, आणि स्वतः भित्री.

मंगळवार-शुक्रवार सवाऱ्यांच्या टेंपोत बसून बाड्याच्या बाजारातून किला गेटला तुमचा डबा न्यायला लागले, तो या भीतीपोटी. तुम्हाला वाटायचं वहिनीची माया. माया होतीच, पण तिच्यात हे मिसळलेलं होतं. मग एक दिवस तुम्ही कॉम्प्युटरवरची अक्षरं फुग्यात चिकटवून पाहत होतात आणि वैतागून म्हणालात, विजेचं बिल वाटून राहिलं आहे, वहिनी, तुमचं फळ्यावरचं अक्षर किती सुरेख, तुम्ही लिहाल का? तुमचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं. तुम्हाला गंमत वाटली. पहिल्या वर्षी ती शिक्षा होती, मी स्वतःला दिलेली. कधी तिची हौस झाली ते कळलंसुद्धा नाही.

काय दिवस होते पण ते. ती एवढीशी खोली, एक टेबल तुमचं, एक माझं. जपानी लोक चित्रात राखाडी छटा आणायला तयार ठिपक्यांचे कागद चिकटवतात, ते आपल्याकडे मिळायचे नाहीत, म्हणून तुम्ही जाळीतून शाई टिपायचात. मच्छरदाणी झाली, चहाची गाळणी झाली, शेवटी माझी जुनी ऑर्गंडीची साडी पसंत पडली. तुमच्या पुस्तकातलं सगळं आभाळ माझ्या साडीचं आहे, हे मी आळीतल्या प्रत्येक बाईला सांगितलं आहे.

गोष्ट तुम्ही बिर्ला नगरची घेतली होती, मिलच्या क्वार्टरांतल्या दोन भावांची. त्यासाठी सायकलवर किती खेटे घातलेत. चालू मागाचा आवाज कसा लिहायचा यावर आपण तीन दिवस भांडलो. मी म्हणे खटखट, तुम्ही म्हणे धडधड. शेवटी तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना विचारायला गेलात. ते म्हणाले, "बाबूजी, लूम कान से नहीं, पाँव से सुनते हैं।" तुम्ही खोलीवर येऊन आवाजाची सगळी अक्षरं खोडलीत आणि प्रत्येक माणसाच्या पायांभोवती बारीक थरथरत्या रेघा काढल्यात. चाळीस पानं. मी लिहिलेली अक्षरं वाया गेली म्हणून दोन दिवस बोलले नाही. पण बरोबर होतं तुमचं. ते पान उघडलं की आजही माझ्या तळपायांना काहीतरी होतं.

मी शब्द वाढवायची, तुम्ही कापायचात. हा आपला नेहमीचा तंटा. तुम्ही फुग्यावर बोट ठेवून म्हणायचात, वहिनी, तो रडतोय हे दिसतंय, मग 'मी फार दुःखी आहे' हे त्यानं कोणाला सांगायचं? मी म्हणायची, माणसं सांगतात हो. खरोखरची माणसं सांगतात. फक्त एकाच बाबतीत आपण एका बाजूला असायचो. पुण्याहून पानं यायची तेव्हा आपल्या माणसांच्या तोंडचं 'मी येऊन राहिलो' खोडून 'मी येतोय' केलेलं असायचं. आपण दोघं मिळून प्रत्येक 'राहिलो' परत घालायचो. ऋतुजानं शेवटी हात टेकले.

आणि तो पहिल्या पुस्तकाचा घोटाळा. तुम्ही पानं जपानी रीतीनं, उजवीकडून डावीकडे रचली होती. मला तसं सांगितलंही होतं. मी बसले आणि आपल्या हाताच्या सवयीनं डावीकडून फुगे भरत गेले. सोळा पानं. सगळ्यांनी आधी उत्तरं दिली आणि मग प्रश्न विचारले. सून आधी म्हणाली 'नाही, घरी नाहीत', आणि मग दार वाजलं. तुम्ही पानं पाहिलीत आणि मला वाटलं आता काही खरं नाही. तुम्ही खुर्चीवरून खाली बसलात, इतके हसलात. मग डोळे पुसून म्हणालात, वहिनी चुकल्या म्हणजे सगळं ग्वाल्हेर चुकणार, आपल्या लोकांसाठी काढायचं तर आपल्या हातानंच काढायला हवं. आणि सगळं पुस्तक डावीकडून उजवीकडे नव्यानं रचलंत. सहा महिने गेले. एका शब्दानं बोलला नाहीत मला.

त्या दिवशी मी सांगणार होते. खरंच सांगते. मी म्हटलं, भाऊजी, माझी आणखी एक चूक आहे. तुम्ही हसतच विचारलंत, आणखी किती पानं बिघडवलीत? दोनशेच्या वर, हे खरं उत्तर होतं. मी म्हटलं, दोन.

मला क्षमा करणारा माणूस समोर बसला होता आणि मी क्षमा मागितली नाही. याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

पुस्तकातला थोरला भाऊ आला तेव्हा मी ओळखलं. गोष्टीत धाकटा मिलच्या डिझाइन खात्यात असतो, त्याचे चौकड्यांचे नक्षीचे कागद एक दिवस घरच्या पाण्याच्या बंबात जळून जातात, आणि सगळ्यांना वाटतं थोरल्यानं जाळले. तो थोरला तुम्ही प्रत्येक वेळी पाठमोरा काढलात. दोन अख्खे भाग नुसती पाठ. आणि एक फुगा नाही त्याच्या वाट्याला. गोष्टीतली वहिनी मात्र पानोपानी बोलते. मी म्हटलं, हिला इतकं बोलायला लावता, त्याला एक वाक्य द्या की. तुम्ही म्हणालात, "ज्याला बोलायचं नाही त्याच्या तोंडी मी शब्द घालणार नाही." यावर आपण किती वर्षं भांडलो. मी त्याची बाजू का घेते हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर कदाचित सांगितलं असतं, किंवा नसतं. तुम्ही जायच्या आधीच्या शुक्रवारीही हेच भांडण झालं, आणि मी जिना उतरताना तुम्ही वरून म्हणालात, बघू, शेवटच्या पानात बघू.

एक अजून आहे, तेही सांगून टाकते. तुमची शाई संपत आली की दुसरी बाटली आपोआप यायची ना? तुम्ही म्हणायचात, वहिनी, तुम्हाला बरं कळतं. मला नाही कळायचं. हे, तुमचे दादा, बाड्यावरून आणायचे आणि ओट्यावर ठेवून भिंतीकडे पाहत म्हणायचे, संपली असेल. मी तुम्हाला म्हणायची, मी आणली. कारण यांनी आणली म्हटलं असतं तर तुम्ही परत पाठवली असतीत, आणि मग मला खरं बोलावं लागलं असतं. म्हणजे माझं वाईट नावही मी त्यांच्याच पदरात ठेवलं आणि त्यांचं चांगलं काम आपल्या नावावर घेतलं.

त्या मंगळवारी सकाळी तुमच्या घरमालकांचा फोन आला. "मास्टरजी चाय चढ़ाके बैठे थे, बैठे ही रह गए।" मंगळवार म्हणून डबा भरलेला होता. यांनी तो उचलला, का ते त्यांनाही माहीत नसेल, आणि टेंपोत मांडीवर धरून बसले. किला गेटला उतरल्यावर मला विचारलं, कुठला जिना? अकरा वर्षांत त्यांना तुमचं दार माहीत नव्हतं. वर गेल्यावर ते तुमच्या टेबलाजवळ उभे राहिले आणि कितीतरी वेळ त्या साडीच्या तुकड्यावर हात ठेवून होते. तुमचं सगळं त्यांनीच केलं, भाऊजी. धाकट्याचं थोरल्यानं. रडले नाहीत. मला तेव्हा त्यांचा फार राग आला.

तेराव्यानंतर त्यांनी पहिल्यांदा तुमची पुस्तकं हातात घेतली. तीन दिवस वाचत होते, चष्मा वर-खाली करत. मग मला विचारलं, हा पाठमोरा मी का? म्हटलं, हो. म्हणाले, मी असा उभा राहत नाही. म्हटलं, असेच उभे राहता. मग मी शेवटचं पान पुढे ठेवलं. त्यात थोरला वळलेला आहे. चेहरा दिसतो. नाकावर घसरलेला चष्मा, कपाळावरची ती शीर, सगळं तुम्ही आठवणीनं काढलंत, अकरा वर्षं बोलला नाहीत त्या माणसाचं.

हे बघत राहिले. मग म्हणाले, "लिही, चूक झाली माझी."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, तुमची कुठली चूक? तुम्ही तर माझं झाकलंत. इतक्या वर्षांत हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. मी विचारलं, का घेतलंत तेव्हा अंगावर? माझ्यासाठी?

म्हणाले, "तो माझ्यावर आधीच रागावलेला होता, त्यात आणखी थोडा. तुझ्यावर रागावला असता तर त्याला जेवायला कोणी घातलं असतं?"

एवढं बोलून ते हात धुवायला निघून गेले. हात खराब झाले नव्हते.

मला रडू आलं ते तुमच्यासाठी की यांच्यासाठी, आता वेगळं करता येत नाही. मी म्हटलं, तुम्हाला जड गेलं नाही? आतून म्हणाले, छे, सवय झाली. आणि मी ते खरं मानलं, कारण ते मानणं मला सोयीचं होतं.

इथपर्यंत लिहून पत्र दोन दिवस बाजूला ठेवलं होतं. काल दुपारी पान पुन्हा टेबलावर घेतलं. मी अक्षरवाली बाई, आधी फुगा बघते, चित्र मागाहून. काल चित्र पाहिलं. दोघे भाऊ समोरासमोर आहेत, आणि मागे स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी आहे. तिचं तोंड किंचित उघडं आहे. आणि फुग्याला शेपूट नाही. तुम्ही ते नेहमीच अक्षरं बसल्यानंतर काढायचात, ज्याच्या तोंडाकडे शेपूट वळलं त्याचं बोलणं. म्हणजे हा फुगा कोणाचा हे तुम्ही काढून ठेवलेलंच नाही. मी, यांनी, दोघांनीही तो थोरल्याचा धरला, कारण त्याचा चेहरा पहिल्यांदा दिसत होता.

तुम्हाला कळलं होतं का, भाऊजी? कधीपासून? की दारात कोणीतरी हवं म्हणून नुसती उभी केलीत तिला? मी कितीही वेळ पाहिलं तरी चित्रातून ते कळत नाही. आता विचारायला कोणी नाही, हे माझं मीच करून घेतलं आहे. पण तुम्ही एकदा म्हणाला होतात की चित्र माझं, अक्षर तुमचं, तुमच्या अक्षरात मी हात घालणार नाही. तेवढ्या आधारावर मी टाक उचलला.

यांना हाक मारली. म्हटलं, या फुग्यात तुमची चूक लिहिणार नाही. मी बोलणार आहे. ते म्हणाले, छापून येईल, आळीतले वाचतील. म्हटलं, वाचू द्या. ते म्हणाले, आता त्याचा काय उपयोग? मी पेन्सिलीनं बारीक रेघा आखल्या आणि शाईनं लिहिलं: 'भाऊजी, ते कागद मी जाळले. यांनी नाही.' मग दारातल्या त्या बाईच्या तोंडापर्यंत शेपूट ओढलं. चित्रात मी काढलेली ही पहिली रेघ. जरा वाकडी आली आहे, पण तशीच पाठवते.

शाई वाळल्यावर पान यांच्या हातात दिलं. ते खिडकीपाशी उजेडात घेऊन गेले. माझ्याकडे पाठ होती, तुम्ही काढायचात तशीच. मला वाटलं, आता म्हणतील ठीक आहे, आणि चष्मा पुसतील.

तर चित्रातल्या धाकट्या भावाच्या तोंडावर अंगठा ठेवून, दहा वर्षांच्या पोराच्या आवाजात, तुमचे दादा तुम्हाला म्हणाले, "विन्या, मी नव्हतो रे."